पोटाच्या घेराचा हिशेब

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, विजेचे बिल आहे, पीकविमा आहे, आणि चौथा विषय लठ्ठपणा आहे. विषयपत्रिका वाचून दाखवली तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटले, ते इथपर्यंत ऐकू आले. हसणे रास्त आहे. मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या माळावर ज्याची कपाशी बोंडे धरायच्या दिवसांत आभाळाकडे पाहत उभी असते, त्याला लठ्ठपणावर भाषण ऐकवायचे म्हणजे तहानलेल्याला पोहायला शिकवण्यासारखे वाटते. लठ्ठपणा हा शेठजींचा आजार, शेतकऱ्याच्या तर बरगड्या मोजून घ्याव्यात, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो.

आता आकडे ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी सुमारे २१ जणी गरजेपेक्षा बारीक निघाल्या आणि सुमारे २३ जणी गरजेपेक्षा जाड निघाल्या. पुरुषांत जाड निघालेले १०० त सुमारे २५. म्हणजे ज्या राज्यात कुपोषणाचे अहवाल निघतात त्याच राज्यात, कधी कधी एकाच घरात, सासूचे वजन जास्त आणि सुनेचे कमी. दोघींना एकच आरोग्य केंद्र आहे. त्या केंद्राला दोघींकडे एकाच वेळी पाहता येते का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न शेतकऱ्यांच्या बैठकीत कशासाठी, असे कोणी विचारील. सांगतो. आम्ही मूळचे शेतीशास्त्राचे, डॉक्टर नव्हे. पण कर्जाच्या नोंदी पाहताना एक गोष्ट वारंवार दिसते. बियाण्याचे कर्ज, विहिरीचे कर्ज, लग्नाचे कर्ज आपण बोलून दाखवतो. दवाखान्याचे कर्ज ‘घरगुती अडचण’ या नावाखाली लपते. साखरेचा आजार, बीपी, हृदयाचा झटका, मूत्रपिंड निकामी होणे, या सगळ्यांच्या वाटेवर पहिला मैलाचा दगड पोटाच्या घेराचा असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो, डायलिसिसही त्यात आहे, हे चांगलेच आहे. पण डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा करावे लागते. त्या प्रत्येक दिवसाचा गाडीखर्च, बरोबर जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, पडीक राहिलेले वावर, हे कुठलीच योजना भरून देत नाही. आपली आरोग्यव्यवस्था माणूस खाटेवर पडला की पैसा सोडते. तो चालता-फिरता असताना त्याच्या कमरेभोवती टेप फिरवायला तिच्याकडे सवड नसते.

टेपही राहू द्या. आपण कापूसवाले, आपल्या घरात सुतळी असतेच. घरी गेल्यावर डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीइतकी सुतळी मोजून घ्या. ती मधोमध दुमडा. ती अर्धी सुतळी बेंबीच्या वर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून गुंडाळा. दोन्ही टोके भेटली तर ठीक. भेटली नाहीत तर पोटात चरबी गरजेपेक्षा जास्त साठली आहे असे समजा. सेंटिमीटरमध्ये हवे असेल तर आपल्या देशातल्या डॉक्टरांनी ठरवलेली रेघ अशी: पुरुषाची कंबर ९० च्या आत, बाईची ८० च्या आत. आणि पँटचा नंबर सांगू नका. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो आणि वीस वर्षे तोच नंबर अभिमानाने सांगतो.

आता इथे बसलेल्यांत असे पुष्कळ असतील की ज्यांचे हातपाय काड्यांसारखे आहेत, खांद्याची हाडे दिसतात, काट्यावर वजनही बेताचेच भरते, पण सुतळीची टोके भेटणार नाहीत. हेच आपले वैशिष्ट्य. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत वजन-उंचीच्या मापाने लठ्ठ ठरलेले १०० त सुमारे २९ होते, पण पोटाच्या मापाने लठ्ठ ठरलेले १०० त जवळपास ४०. त्याच पाहणीने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. वजनकाटा ज्यांना सोडून देतो त्यांना सुतळी पकडते.

हे असे का होते, याचा शोध परदेशात नाही, आपल्या शेजारी पुणे जिल्ह्यात लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बायका शेतकरी घरच्या. बऱ्याच जणींचे वजन ४०-४५ किलोच्या घरात. त्यांना झालेली बाळे इंग्लंडच्या साउथॅम्प्टन गावच्या बाळांशी ताडून पाहिली. आपले बाळ सरासरी २.७ किलो, तिथले ३.५ किलो. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली! अंगाने रोड आणि आतून चरबीचे, असे बाळ जन्मालाच येते.

ज्वारीचे रोप डोळ्यांपुढे आणा. उगवल्यावर ओल तुटली तर ते वर वाढायचे सोडून मुळावर जोर देते. पुढचा काळ कठीण आहे असे धरून चालते. आईच्या पोटात अन्न तुटते तेव्हा बाळाचे शरीरही असेच काटकसरीचे धोरण धरते. पुढे आयुष्यभर अन्न तुटतच राहिले तर ते धोरण निभते. पण हाच मुलगा विशीत मोटारसायकलवर बसला, तालुक्याच्या गावी दुकानात नोकरीला लागला, दिवसाला दोनदा वडापाव खाऊ लागला, की काटकसरीने बांधलेल्या शरीराला ही चैन पेलत नाही. मग पस्तिशीतच साखर निघते. घरचे म्हणतात, अरे, आमच्यात तर कोणी जाडही नाही.

डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचे वजन-उंचीचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. मोजून पाहिले तर इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. आरोग्य केंद्रातला काटा या दोघांना एकाच रांगेत उभे करील.

शरीराचे धोरण जन्माचे झाले. आता वाढत्या वयाचे पाहू. आपल्या कामाचे काय झाले? नऊ इंची तास धरून एक एकर नांगरायचे तर बैलामागे सुमारे १८ किलोमीटर चालावे लागते. गणित सोपे आहे, घरी पोराला घालून पाहा. आज ट्रॅक्टर तेच काम तासा-दीड तासात करतो आणि धनी बांधावर उभा राहून मोबाइलवर बोलतो. कोणी परत बैलामागे चाला असे आम्ही म्हणणार नाही. कष्ट कमी व्हावेत म्हणून तर एवढी धडपड. पण १८ किलोमीटर गेले आणि ताटातली भाकरी तेवढीच राहिली, वर तेल वाढले, याचा जमाखर्च कोणी मांडला नाही.

तेलाचे माप एका वाक्यात लक्षात ठेवा. माणशी महिन्याला एक किलोच्या आत. पाच माणसांच्या घरात पंधरा किलोचा डबा तीन महिने पुरला पाहिजे. किती घरांत पुरतो? आणि त्या डब्यात असते काय? देशात खपणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते, त्यात मोठा वाटा पामतेलाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्के केले आणि मे २०२५ मध्ये ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले. म्हणजे सोयाबीन, करडई, सरकीवाल्याचा भाव पाडून तेल स्वस्त करायचे, आणि दुसरीकडे त्याच सरकारच्या प्रमुखांनी देशाला तेल दहा टक्के कमी खा असे सांगायचे. एका खात्याचे धोरण दुसऱ्या खात्याच्या खाटा भरते.

चहाचेही बोलले पाहिजे. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे साठ ग्रॅम साखर, एकट्या चहात. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सगळी मिळून ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमल्यास २५. ज्यांचा ऊस आहे त्यांनी रागावू नये, आम्ही साखरेचा खप पाडायला निघालेलो नाही. साखर देशाने खावी, पण एकाच माणसाने सगळी खायला हवी असे नाही. उपवासाचे तर काय सांगावे! एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप. दुप्पट खाशी हे नुसते म्हणण्यापुरते राहिलेले नाही.

आणि ज्वारी? २०२३ साल जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा शहरात ज्वारीची बिस्किटे निघाली, त्यात साखर आणि तूप गव्हाच्या बिस्किटाइतकेच. ज्वारी ही जादूची पुडी नव्हे. चार भाकऱ्या खाल्ल्या तर त्यानेही साखर चढते. तिचा गुण एवढाच की तिच्यात चोथा आहे, ती चावावी लागते, लवकर भरल्यासारखे वाटते आणि तिच्याबरोबर पिठले, मठ-हुलग्याची उसळ, अंबाडीची भाजी असे ताट येते. पावाबरोबर बटाटावडा येतो. धान्य बदलले की सबंध ताट बदलते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असे तिघांचेही नाव होते. प्रत्यक्षात रेशनच्या पिशवीत वर्षानुवर्षे गहू-तांदूळच. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला. खरेदी केंद्र तुमच्या तालुक्यात किती दिवस उघडे असते ते तुम्हीच सांगा.

आता मूळ मुद्द्याकडे, आरोग्य खात्याकडे. नाशिक आरोग्य मंडळात पाच जिल्हे येतात: नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार. खाली पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांना. त्यावर तीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात वीस हजारांना. त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, मग सिव्हिल. नाशकात हृदय, मूत्रपिंड, कर्करोगासाठी संदर्भ सेवा रुग्णालय आहे. म्हसरूळला १९९८ पासून सबंध राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. इमारतींची वाण नाही. ज्या मंडळात सुरगाणा-पेठ आणि अक्कलकुवा-धडगाव आहे, त्याच मंडळात नाशिक आणि जळगाव शहर आहे. बारीक आणि जाड, दोन्हींचा अभ्यास करायला याहून चांगली जागा देशात शोधून सापडणार नाही.

कागदावर सोयही आहे. मधुमेह, हृदयरोग वगैरेंसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. आशाताईने तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो. त्यात वयाला गुण, तंबाखूला गुण, दारूला गुण, कमरेला गुण, व्यायाम नसल्यास गुण, घरात साखर-बीपी असल्यास गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचे. उदाहरण घ्या. सेहेचाळीस वर्षांचा गडी, वयाचे दोन. रोज तंबाखू मळतो, दोन. कंबर ९४, एक. झाले पाच. बाकी काही विचारायची गरज नाही.

फॉर्म चांगला आहे, आम्हाला त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या पाहण्यातली बहुतेक गावे अशी, की कमरेचा आकडा टेपने न घेता नजरेने भरला जातो. आशाताईचा दोष नाही. तिच्या पिशवीत सतरा कामांच्या वह्या आहेत आणि परक्या पुरुषाच्या कमरेला टेप लावणे तिला अवघड जाते. गावातल्या एखाद्या तरुणाने पुरुषांची मापे घ्यावीत आणि आशाताईने ती लिहावीत, एवढ्याने हे सुटेल. खरी गोम पुढे आहे. तपासणीत साखर निघाली तर गोळी आहे. बीपी निघाले तर गोळी आहे. नुसतेच पोट निघाले, साखर-बीपी अजून ठीक, तर त्याला काय देतात? ‘वजन कमी करा’ असे दोन शब्द देतात. ज्या टप्प्यावर सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त काम होते, तो टप्पाच रिकामा आहे.

हा टप्पा भरता येतो याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी साखरेच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षे प्रयोग केला, त्याचे निकाल २००६ साली आले. ज्यांना नियमित भेटून खाण्यापिण्याचा आणि चालण्याचा सल्ला दिला त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. नुसती मेटफॉर्मिनची गोळी दिली त्यांच्यात २६.४ टक्क्यांनी. म्हणजे माणसाने माणसाशी नीट बोलण्याचा गुण गोळीइतका आला. आणि यातली गंमत अशी की त्या लोकांचे वजन फारसे उतरलेलेही नव्हते! म्हणून काट्यावर दोनच किलो उतरले म्हणून कोणी नाराज होऊन सोडून देऊ नये. अमेरिकेत २००२ साली अशाच प्रयोगात, सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढे उद्दिष्ट ठेवून, हे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. कोणी त्याला काडी व्हायला सांगत नाही.

पण नियमित भेटणे म्हणजे काय, ते कळले पाहिजे. वर्षातून एक शिबिर, मंडप, हार, फोटो, ही भेट नव्हे. उपकेंद्रात महिन्यातून एक ठरलेला दिवस, बाजाराचा वार सोडून, त्या दिवशी तेच वीस-पंचवीस लोक, तोच टेप, तीच वही, असे वर्षभर. आणि बोलणारा आपल्या ताटातले बोलणारा हवा. एका दवाखान्यातला छापील आहारतक्ता आम्ही पाहिला. सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, ऑलिव्ह तेलात परतलेली ब्रोकोली. नांदगावच्या माणसाने हे कुठून आणायचे? त्याला सांगायचे तर असे सांगा: भाकरी तीनऐवजी दीड, तिच्यावर उसळ दुप्पट, बांधावरच्या शेवग्याचा पाला, ताकावर साय नको, चहा दोन कप आणि अर्ध्या चमच्याचा, रात्रीचे जेवण लवकर. आणि बाईला तू खाऊन खाऊन सुटलीस असे म्हणू नका. तिचा दिवस कसा जातो ते आधी विचारा. टोमणा खाऊन गेलेली बाई परत येत नाही, ती थेट गुडघे गेल्यावर येते.

गुडघ्याचे निघालेच आहे म्हणून सांगतो. अंगावरचा एक किलो उतरला की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार उतरतो असे मोजले गेले आहे. आणि पंधरा किलो जादा चरबी म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? भरलेला फवारणीचा पंप. आपण तो दोन तासांनी पाठीवरून उतरवून ठेवतो. हा पंप झोपेतही उतरत नाही. निंदणीला बसता न येणाऱ्या बायका तुमच्या गावात किती आहेत मोजा.

आता प्रतिबंधाचे मूळ. ते गरोदरपणात आहे आणि आपल्या भागात ते कपाशीच्या पिकाशी बांधलेले आहे. वेचणी ऑक्टोबरला सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. पोटुशी बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचते. पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसले की गरोदरपणी जड कष्ट करणाऱ्या आयांची बाळे लहान झाली, आणि ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळे, दूध वरचेवर होते त्यांची बाळे भरली. आपल्याकडे दूध कुठे जाते? सकाळ-संध्याकाळ डेअरीला. घरात काळा चहा. त्यातून ब-१२ जीवनसत्त्व तुटते, ते शाकाहारी माणसाला मुख्यतः दुधातूनच मिळते. ज्या आयांच्या अंगात फॉलिक जास्त होते त्यांची मुले सहाव्या वर्षी जास्त चरबीची निघाली आणि ज्यांच्या अंगात ब-१२ कमी व फॉलिक जास्त होते त्यांच्या मुलांना इन्सुलिन सर्वांत कमी लागू पडत होते, हेही २००८ साली तिथूनच छापले गेले. याचा अर्थ लोह-फॉलिकच्या गोळ्या बंद करा असा मुळीच नाही, त्या घ्यायच्याच. अर्थ असा की गोळीबरोबर पेलाभर दूधही लागते आणि ते आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने सासूसमोर सांगितले पाहिजे, सुनेला एकटीला नव्हे.

चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, तेव्हा बाईच्या कष्टाला मोल नाही हे आपण जाहीरपणे बोललो. तो कष्ट पोटातल्या बाळाच्या हिशेबातही धरला जातो, हे विज्ञानाने नंतर दाखवले.

शाळेतल्या मुलांचे थोडक्यात. युनिसेफने २०२५ मध्ये सांगितले की जगात ५ ते १९ वयात लठ्ठ मुले पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांच्या पुढे गेली, ९.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के. दक्षिण आशियात अजून उलटे आहे, बारीक मुलेच जास्त. म्हणजे आपल्याला थोडी सवड आहे. २०१३ पासूनच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन वजन-उंची घेते. बारीक मुलाची नोंद होते तशीच पोट सुटलेल्या मुलाची झाली पाहिजे आणि दोन्ही आईबापांना कळली पाहिजे. आणि उन्हाळ्यात ज्या गावात भाजी मिळत नाही त्या गावातही शाळेच्या फाटकासमोर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात, त्या उतरवायला कोणत्या मंत्रालयाची वाट पाहायची? ग्रामसभा बसते ना?

काही जण म्हणतात, आता इंजेक्शन आले आहे, वजन आपोआप उतरते. आले आहे, खरे आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड भारतात आले तेव्हा आठवड्याच्या एका बाटलीची किंमत साडेतीन हजार रुपये, त्याच्या वरच्या मात्रेची ४,३७५. महिन्याचे चौदा हजार धरा. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे महिन्याला जवळपास दोन क्विंटल कापूस टोचून घ्यायचा. कोरडवाहू एकराचे पीक दोन महिन्यांत संपले. आणि औषध थांबवले की बहुतेकांचे वजन परत चढते. सेमाग्लुटाइड या त्याच जातीच्या औषधाचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचेच, त्यानंतर स्वस्त नमुन्यांना वाट मोकळी. ज्यांचे वजन फारच जास्त आहे, साखर आवरत नाही, त्यांच्यासाठी ही औषधे आणि पोटाची शस्त्रक्रिया या खऱ्या उपयोगाच्या गोष्टी आहेत. त्या सिव्हिलच्या पातळीवर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली गरिबालाही मिळाल्या पाहिजेत. शहरातला बंगलेवाला लग्नाच्या फोटोसाठी टोचून घेतो आणि दीडशे किलोची बाई बसच्या दोन पायऱ्या चढू शकत नाही म्हणून दवाखान्यात येतच नाही, हा न्याय नव्हे. ग्रामीण रुग्णालयात साखर-बीपीची तपासणी चालते, तिथेच आठवड्यातून एक दिवस वजनाचा ठेवला आणि तिथून वरच्या दवाखान्याला नावानिशी चिठ्ठी दिली, की उपकेंद्रापासून सिव्हिलपर्यंत जिना पुरा होतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचाराला पैसे पडत नाहीत, हेही गावात सांगा. अजून पुष्कळांना माहीत नाही.

परदेशातले एकच उदाहरण देतो, कारण ते शेतकऱ्यांचे आहे. फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ कारेलिया नावाचा प्रांत. जंगल आणि दूधधंदा. लोणी मनसोक्त. ऐन उमेदीतले पुरुष हृदयाच्या झटक्याने पटापट जात होते. १९७१ साली तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, आणि १९७२ पासून पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या हाताखाली काम सुरू झाले. त्यांनी दवाखान्यात बसून वाट पाहिली नाही. गृहिणींच्या मंडळांत गेले, सॉसेजच्या कारखान्यात जाऊन चरबी कमी करवली. दूधवाले साहजिकच बिथरले, तेव्हा त्यांना बेरीची फळे आणि मोहरीच्या जातीचे तेलबी यांची वाट काढून देण्यात आली. पंचवीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयरोगाचे मृत्यू जवळपास तीन चतुर्थांशाने घटले. वजन मात्र त्यांनाही आवरले नाही, पुरुषांचे उलट वाढले. तेव्हा हे काम सोपे नाही. पण आरोग्य खात्याने शेतकऱ्याला काय पिकवशील आणि ते कोण घेईल हे विचारल्याशिवाय ताट बदलत नाही, हे त्यांना १९७२ सालीच कळले होते.

म्हणून आपल्या मागण्या दोन खात्यांकडे आहेत. आरोग्य उपसंचालकांकडे ही, की पाचही जिल्ह्यांत उपकेंद्राच्या वहीत कमरेचे माप टेपने घेतलेले असावे, नुसते पोट निघालेल्यांसाठी महिन्याचा ठरलेला दिवस असावा, आणि म्हसरूळच्या विद्यापीठाच्या मदतीने आपल्या भागाच्या धान्य-भाजीचा मराठी आहारतक्ता व्हावा, अहिराणी बोलणाऱ्यांसाठी अहिराणीत, पावरी बोलणाऱ्यांसाठी पावरीत. पुरवठा खात्याकडे ही, की रेशनमधली ज्वारी याच पाच जिल्ह्यांतून, हमीभावाने, हंगामात घेतलेली असावी. फुकट काही मागितलेले नाही.

पण आपल्या हातातले काम त्यासाठी थांबायला नको. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला अबंधित निधी मिळतो. टेप दोन कप चहाच्या पैशात येतो. नांदगाव, येवला, मालेगाव आणि चांदवडच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावातल्या तीस वर्षांवरच्या माणसांची कमरेची मापे लिहून आणावीत, नावे नकोत, फक्त वय, बाई की पुरुष, उंची आणि घेर. गरोदर बायकांचा घेर मोजू नये, त्यांची वेगळी यादी करावी: किती जणी वेचणीला जातात आणि घरात दूध राहते की नाही, एवढे दोनच प्रश्न. हे कागद घेऊन आपण उपसंचालकांच्या कचेरीत जाऊ. आता कापसाचा विषय घेऊ.